खण नंबर तीन

तन्मय हर्डीकर एकदा हात धुऊन एखाद्या गोष्टीच्या मागे लागला, की तिची धडगत नसे. गेले दोन महिने तो ओल्या भांड्यांच्या मागे लागला होता. रोज सकाळी चहाच्याही आधी तो डिशवॉशरचं दार उघडायचा, एक ताट उचलून खिडकीच्या उजेडात धरायचा आणि त्यावरून ओघळणाऱ्या पाण्याकडे, ते परवानगी न घेता घरात शिरलंय अशा नजरेनं बघायचा.

"आजही ओलीच."

"असू देत. पुसून घेते मी फडक्यानं," त्याची बायको ऋजुता म्हणायची.

"आपणच पुसायची तर यंत्र कशाला आणलं?"

यावर ऋजुता फडकं घेऊन पुसायला लागायची. भांडी ओली का राहतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त ते नवऱ्याला सांगता येत नव्हतं.

तन्मयनं उपाय करायचे सोडले नव्हते. माहितीपुस्तिका पाठ केली. शेवटच्या पाण्यात मिसळणारं, थेंब धरू न देणारं द्रव काठोकाठ भरून पाहिलं. वाट्या तिरप्या लावल्या. वरच्या जाळीतलं पाणी खाली ठिबकू नये म्हणून आधी खालची भांडी काढली. धुणं संपल्यावर दार चार बोटं उघडं ठेवून पाहिलं. एकदा तर तळाची गाळणी काढून तिच्यात डोकावला आणि खूश होऊन ओरडला, "ऋजुता, बघ तरी! एक शीत नाही जाळीत. किती स्वच्छ चालतंय हे!"

तेव्हा ऋजुतानं गाळणी त्याच्या हातून घेऊन घाईघाईनं जागेवर बसवली. सहा माणसांची भांडी मावणाऱ्या यंत्राच्या गाळणीत दोन महिन्यांत एक शीतही अडकू नये, याचा अर्थ हुशार माणसाला कळायला किती वेळ लागणार होता? पण तन्मयची हुशारी यंत्रापाशी सुरू व्हायची आणि यंत्रापाशीच संपायची. माणसं त्याच्या नजरेतून सुटायची.

खरं म्हणजे त्या यंत्रात भांडी वाळवायला पंखा-बिंखा काही नव्हता. शेवटचं पाणी सत्तर अंशांपर्यंत तापवून भांड्यांवर मारायचं, स्टील तापतं, अंगावरच्या पाण्याची वाफ होते आणि ती थंड भिंतीवर जमून खाली निथळते, एवढीच युक्ती. मात्र पाणी किती तापवायचं हे यंत्र स्वतः ठरवायचं. सुरुवातीच्या पाण्यातून ते एक प्रकाशकिरण सोडी. पाणी गढूळ असेल तर भांडी खरकटी आहेत असं समजून भरपूर तापवी. पाणी नितळ निघालं, तर भांडी मुळातच स्वच्छ आहेत असं धरून वीज वाचवी आणि कोमट पाण्यावर काम उरकी. कोमट स्टीलवरचं पाणी वाळणार कसं? ओली भांडी निघायची ती त्यामुळे. थोडक्यात, यंत्र बिघडलं नव्हतंच. यंत्रात जाण्याआधीच घरातलं कुणीतरी भांडी लख्ख धुऊन ठेवत होतं.

ते कुणीतरी म्हणजे तन्मयची आई, नीलिमाताई. वय बहात्तर. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला.

आणि त्या धूत होत्या त्याचं कारण होतं खण नंबर तीन.

पाण्याचं रेशन आलं तेव्हा नाशिकच्या नव्या इमारतींत ही यंत्रं सक्तीची झाली. पाठोपाठ आरोग्य योजनेनं त्यांत एक चाखणी बसवली. चाखणी हा लोकांनीच दिलेला शब्द. घरातल्या प्रत्येकाचं पाणी प्यायचं फुलपात्र यंत्रातल्या त्याच्या-त्याच्या खणात उपडं ठेवायचं. पहिल्या चाळीस सेकंदांत त्या फुलपात्राच्या काठाचं धुवण एका नळीतून चाखणीत जाई. त्या धुवणात लाळ असते, लाळेत प्रथिनं असतात, आणि शरीरात काय शिजतंय हे त्या प्रथिनांना डॉक्टरच्या आधी कळलेलं असतं. साखर, मूत्रपिंड, दोन-तीन प्रकारचे कॅन्सर. आणि स्मृतिक्षय. माणसाचा डीएनए वाचायला मात्र चाखणीला कायद्यानं बंदी होती. त्यामुळे लाळ कुणाची हे तिला कळत नसे. खणापुढे नोंदवलेलं नाव हेच तिच्या लेखी माणूस.

कॅन्सर सापडला तर लोक पेढे वाटायचेच बाकी ठेवत, इतक्या लवकर सापडायचा. पण स्मृतिक्षयाची गोष्ट वेगळी होती. कुठल्याशा शहरात एका विसराळू आजोबांनी शेगडीवर तेल तसंच ठेवलं आणि चौदा मजले जळाले. तेव्हापासून नियम झाला. ज्याच्या लाळेत ती खूण सापडेल त्यानं चौथ्या मजल्याच्या वर राहायचं नाही, पंधरा दिवसांत खाली घर शोधायचं, नाहीतर स्मृतिनिवासात जायचं. घरच्यांनी अडवलं तर अख्ख्या इमारतीचं विमाकवच रद्द. म्हणजे पोलीस यायचीही गरज नाही. शेजारीच दाराशी येऊन उभे राहत.

हर्डीकर अकराव्या मजल्यावर राहत होते.

सात महिन्यांपूर्वी नीलिमाताईंनी मळलेल्या कणकेवर हिंग-मोहरीची फोडणी ओतली. ओतली आणि परातीकडे बघत उभ्या राहिल्या. ऋजुता ऑफिसला निघाली होती, पायात चपला तशाच ठेवून ती स्वयंपाकघरात आली.

"काय गं हे?" नीलिमाताई म्हणाल्या. मग हळूच, "ऋजुता, मला न्यायला येतील का गं?"

"कोण आई?"

"त्या डब्यानं चाखलं की येतात ते."

ऋजुतानं परात उचलून कणीक टाकून दिली आणि म्हणाली, "मी आहे ना." पुढे काय करायचं हे तिला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत सुचलं. आईंचं फुलपात्र आधी धुवायचं, मग त्यातून आपण पाणी प्यायचं आणि खण नंबर तीनमध्ये ठेवायचं.

हे ज्या घरात घडत होतं, त्या घराचा इतिहास ऋजुताच जाणत होती. नीलिमाताईंच्या माहेरी पाणी ओठ न लावता, वरून प्यायची शिस्त. ती त्यांनी सासरीही आणली आणि सुनेलाही लावली. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ऋजुतानं नकळत त्यांचं फुलपात्र तोंडाला लावलं होतं. त्यावर 'सौ. नीलिमा' असं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, खाली लग्नाची तारीख. नीलिमाताईंनी एक शब्द न बोलता ते तीनदा घासलं होतं. तिसऱ्या वेळी ऋजुता आपल्या खोलीत जाऊन रडली होती. आरोग्य योजनेनं 'ओठ लावून प्या' म्हणून घरोघरी पत्रकं वाटली, तेव्हा नीलिमाताईंनी पहिल्यांदा ओठ लावले, तेही वर्षभर कुरकुर करून.

आता त्याच नीलिमाताई रोज सकाळी तिच्यापुढे ते फुलपात्र धरत आणि म्हणत, "घे. उष्टावून टाक."

लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर सासूनं सुनेला जवळ घेतलं ते असं. ऋजुताला त्याचा आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाजही वाटायची.

पाच महिने ठीक चाललं. मग नीलिमाताईंना आपलं ताट कुठलं, आपली वाटी कुठली हे आठवेना. यंत्र फक्त फुलपात्र चाखतं हे ऋजुतानं दहादा सांगितलं. पण भीती तेवढी डोक्यात राहिली होती, तपशील गळून गेला होता. कुठलं आपलं ते कळत नाही, म्हणून त्या सगळीच भांडी धुऊ लागल्या. फुलपात्रं तेवढी ऋजुता आधीच खणांत लावून टाकी. तांदूळ धुतलेलं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी साठवून ठेवायच्या आणि त्यात एकेक भांडं घासून, पुन्हा निथळून, यंत्रात लावून द्यायच्या. भांडी ओली राहू लागली ती तेव्हापासून.

तन्मयला का सांगितलं नाही? ऋजुतानं हा प्रश्न स्वतःला रोज विचारला होता. उत्तर एका संध्याकाळचं होतं. नवव्या मजल्यावरच्या सबनीसांच्या आजोबांना नेलं त्या संध्याकाळी तन्मय जेवताना म्हणाला होता, "वाईट वाटतं, पण बरंच झालं. तिथे शिकलेली माणसं असतात. घरी कोण बघणार? आणि नियम म्हणजे नियम." तो इमारतीच्या आरोग्य समितीत होता. सबनीसांकडे कागद घेऊन तोच गेला होता. समोर ताटावर बसलेल्या त्याच्या आईचा घास हातातच राहिला, हे त्याला दिसलं नाही.

*

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात निळ्या शर्टातला पन्नाशीचा माणूस, हातात पेटी.

"बाविस्कर. भांडी ओली राहतात अशी तक्रार होती."

ऋजुतानं तन्मयकडे पाहिलं. "तू बोलावलंस? मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, फडक्यानं पुसते."

बाविस्कर सावकाश काम करणारा, तोंडानं गोड माणूस होता. त्यानं तापवायची कळ तपासली, पाणी येतं-जातं ते पाहिलं, आणि मग पेटीतला पडदा यंत्राला जोडून जुन्या नोंदी काढल्या. बराच वेळ बघत बसला.

"साहेब, यंत्राला काही झालेलं नाही."

"मग?"

"हे बघा. दोन महिने रोज पाणी नितळ. एकदम पिण्याजोगं. खरकटी भांडी घातल्यावर असं पाणी येत नाही. तुमच्याकडे आधी धुऊन ठेवतात का कुणी?"

तन्मय हसला. "छे हो! डबल काम कोण करेल?" आणि मग त्याचं हसू थांबलं. "आई, तू धुतेस का गं?"

नीलिमाताई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी ऋजुताकडे पाहिलं. शाळेत उत्तर न येणारी मुलगी बाकावरच्या मैत्रिणीकडे बघते तशा.

"मी धुते," ऋजुता म्हणाली. "खरकटं तसंच कोंडून ठेवायला कसंतरी वाटतं मला."

"बघा! असंच असतं, मॅडम," बाविस्कर दिलखुलास हसला. "दहातली आठ घरं हेच करतात. आपल्या बायकांना खरकटं यंत्रात घालवत नाही. माझी बायकोसुद्धा. पण त्यानंच तर घोटाळा होतो. आता तुमच्यासमोर एकदा चालवून दाखवतो. सकाळच्या नाश्त्याची भांडी आहेत तशी घाला. धुवायचं नाही."

पोह्यांच्या बश्या होत्या, दुधाचं पातेलं होतं. फुलपात्रं ऋजुतानं पहाटेच खणांत लावून टाकली होती, तिसऱ्यातलं स्वतः पिऊन. पण बाविस्करनं यंत्र तपासताना खण रिकामे केले होते आणि तिन्ही फुलपात्रं ओट्यावर मांडली होती.

"अरे, आईची गोळी राहिली," तन्मय म्हणाला. उत्साहात असला की तो सगळ्यांची काळजी घ्यायचा. त्यानं ओट्यावरचं 'सौ. नीलिमा' उचललं, पाणी भरलं आणि आईला नेऊन दिलं. नीलिमाताईंनी गोळी जिभेवर ठेवली आणि घटाघटा पाणी प्यायल्या. ओठ लावून.

ऋजुता दोन पावलं पुढे झाली. "दे ते. मी विसळून—"

"अहो मॅडम, विसळायचं नाही, तेच तर सांगतोय!" बाविस्कर म्हणाला.

"ऐकलंस?" तन्मयनं आईच्या हातून फुलपात्र घेतलं, खण नंबर तीनमध्ये उपडं घातलं आणि दार लावलं. यंत्र गुरगुरलं.

चाळीस सेकंद. ऋजुताला ते मोजता आले असते, एकेक करून. दार ओढलं असतं तर यंत्र थांबलं असतं. पण दार का ओढलं हे बाविस्करपुढे सांगावं लागलं असतं, आणि बाविस्करला ते वर कळवावं लागलं असतं. निदान तिला तसं वाटलं. झाकली मूठ उघडावी की नाही याचा ती विचार करत राहिली आणि तेवढ्यात यंत्रातलं पाणी बदलल्याचा आवाज आला. पुढे आयुष्यभर तिला तन्मयचा राग येणार होता, पण त्या चाळीस सेकंदांसाठी त्याच्याहून जास्त स्वतःचा.

पाऊण तासानं बाविस्करनं दार उघडलं. गरम वाफेचा लोट आला आणि विरला. तन्मयनं पातेलं उचललं, आतून-बाहेरून हात फिरवला.

"ठणठणीत कोरडं! ऋजुता, हात लावून बघ. अगं हात तरी लाव!"

त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद तिनं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तेवढ्यात यंत्राच्या पडद्यावर तांबडी पट्टी आली. तन्मय वाकून वाचू लागला. वाचता वाचता त्याचे ओठ हलायचे थांबले.

बाविस्करनंही वाचलं. त्यानं पेटी बंद केली, नीलिमाताईंकडे बघून नमस्कार केला आणि सहीसुद्धा न घेता निघून गेला.

*

"मला का नाही सांगितलं?" तन्मयनं विचारलं. एकदा नाही, त्या पंधरा दिवसांत निदान वीसदा विचारलं. "आपण चौथ्या मजल्याखाली घर बघितलं असतं. काहीतरी मार्ग काढला असता."

"काढला असतास?"

"म्हणजे काय? माझी आई आहे ती!"

"सबनीसांचे आजोबाही कुणाचे तरी वडील होते. तू कागद घेऊन गेलास आणि घरी येऊन भात वाढून घेतलास. आई समोर बसल्या होत्या, तन्मय. त्यांनी ऐकलं. मी सांगायचं ठरवलं असतं तरी त्यांनी सांगू दिलं नसतं. त्यांना तुझी भीती वाटत होती."

हे शेवटचं वाक्य तिनं मीठ चोळायला म्हटलं होतं आणि ते खरंही होतं. तन्मय गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग त्यानं खरंच खालच्या मजल्यांवरची घरं शोधली, आरोग्य केंद्रात खेटे घातले, दोन अर्ज केले. पण एवढ्या थोड्या दिवसांत रिकामं घर मिळेना. केंद्रातल्या दुसऱ्या तपासणीतही खूण निघालीच. बाराव्या दिवशी समितीतलेच दोघं कागद घेऊन दारात आले. त्यांतला एक सबनीस आजोबांचा मुलगा होता. तो काही वेडंवाकडं बोलला नाही. "नियम म्हणजे नियम," एवढंच, तेही खाली मान घालून.

निघताना नीलिमाताईंनी फुलपात्र पिशवीत घातलं होतं. स्मृतिनिवासाच्या बाईंनी ते काढून परत दिलं. तिथे भांडी निवासाचीच वापरायची होती.

महिन्याभरात ते दोघं चारदा भेटून आले. नीलिमाताई ऋजुताला ओळखत, तन्मयला कधी ओळखत, कधी 'सर' म्हणत. चौथ्या वेळी त्यांच्या गळ्याभोवती लहान मुलांचं असतं तसं फडकं बांधलेलं होतं आणि पदर भिजलेला.

"आजी कपाला ओठच लावत नाहीत," तिथल्या बाई वैतागून सांगत होत्या. "वरून ओततात. निम्मं अंगावर सांडतं. आम्हाला नमुनासुद्धा मिळत नाही त्यांचा."

ऋजुताला हसू आलं आणि ते लपवायला ती भिजलेला पदर पिळू लागली. सगळं विसरून झाल्यावर आईंना माहेरची शिस्त तेवढी आठवली होती. ती दीड महिना आधी, त्या रविवारी आठवली असती तर.

घरी यंत्र आता उत्तम चालत होतं. ताटं गरम आणि कोरडी निघत. फक्त प्रत्येक धुण्यानंतर ते तीनदा टुंटुं करे आणि पडद्यावर अक्षरं येत : 'खण तीन. नमुना नाही.' ते थांबवायला नाव काढून टाकण्याचा फॉर्म भरावा लागे. त्यात कारण विचारलं होतं. तन्मयनं फॉर्म उघडला, बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. घरातला एकही फॉर्म त्यानं आजवर असा अर्धा ठेवला नव्हता.

मग एका सकाळी ऋजुता स्वयंपाकघरात आली तेव्हा तो ओट्याशी पाठमोरा उभा होता. त्याच्या हातात आईचं फुलपात्र होतं. त्यानं त्यात पाणी भरलं, ओठ लावून सगळं प्यायलं, खण नंबर तीनमध्ये उपडं ठेवलं आणि यंत्र सुरू केलं. ऋजुता दाराशी थांबून राहिली. पाऊण तास यंत्र चालत राहिलं. तिनं चहा केला, त्यानं प्यायला.

यंत्र थांबलं. या वेळी टुंटुं झालं नाही. पडद्यावर हिरवी पट्टी आली : 'नीलिमा हर्डीकर. नमुना मिळाला. प्रकृती उत्तम.'

तन्मय त्या अक्षरांकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत ती जुनी, दुरुस्तीची चमक आली.

"ऋजुता, हे पुढे पाठवता येईल का? फेरतपासणी मागता येईल? हे बघ ना, उत्तम लिहिलंय."

"सात महिने रोज तेच लिहून येत होतं," ऋजुता म्हणाली. "तेव्हा आई घरात होत्या."

त्यानं दार उघडलं. फुलपात्र कोरडं ठणठणीत होतं. तरी त्यानं खुंटीवरचं फडकं घेतलं आणि ते पुसत बसला.